दुसरा डावा पंख

दोन्ही पंख डावेच निघाले.

जेवणाच्या टेबलावर विमानाचा सांगाडा मधे ठेवून मैत्रीने एक पंख लावला, तो झकास बसला. दुसरा पलीकडच्या बाजूला धरला, तर त्याचं पोट वर आलं. उलटा करून पाहिला, तर पुढची कड मागे गेली.

“बाबा, हे तर दोन्ही एकाच बाजूचे झालेत,” ती सासऱ्यांना म्हणाली. आवाजात जमेल तेवढं आश्चर्य घातलं होतं.

खरं म्हणजे आश्चर्य वाटायचं तिला काही कारण नव्हतं. दुसरा डावा पंख तिने जाणूनबुजून केला होता.

त्या जुन्या धाटणीच्या रिमोटच्या विमानाच्या किटमध्ये पंखाचा नकाशा एकच येतो, डाव्याचा. तो फळीवर टाचायचा, वर बाल्साच्या हलक्या लाकडाच्या पट्ट्या टाचण्यांनी धरून चिकटवायच्या, की झाला डावा पंख. उजव्यासाठी कागदाला मागून तेल चोळायचं, म्हणजे रेघा आरपार दिसतात, आणि मग कागद पालथा टाचायचा. हे तिला बाबांनीच समजावलं होतं. तेल तिने चोळलंही, चांगलं खोबरेल. फक्त कागद पालथा न करता पुन्हा सुलटाच टाचला, आणि वेड पांघरून पेडगावला निघाली. किटमधलं लाकूड आता संपलं होतं. नवं मागवायचं, कापायचं, चिकटवायचं, तोवर उन्हाळा लागला असता.

तिला तेवढंच हवं होतं. विमान प्रफुल्लचं, तिच्या गेलेल्या नवऱ्याचं. त्याने हौसेने आणलेलं खोकं त्याच्या माघारी माळ्यावर पडून होतं, आणि सुजयने लग्नाचं विचारलं तेव्हा ती बोलून गेली होती, “प्रफुल्लचं विमान पुरं होऊ दे, मग तारीख काढू.” सुजय तिला मनापासून आवडत होता. पण त्याच्याकडे नोएडाला जायचं म्हणजे दिल्लीतल्या द्वारकेच्या या घरात बाबांना एकटं सोडायचं. रिकाम्या घराचं कुलूप उघडून स्वतःच दिवा लावणारे बाबा तिच्या डोळ्यांपुढे येत आणि मग तिचा हात सावकाश चाले.

बाबांनी चष्मा नीट बसवला आणि दोन्ही पंख शेजारी शेजारी धरले. त्यांच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती. दुधी चिरताना सुरी लागली, असं ते परवा म्हणाले होते.

“हं,” ते म्हणाले. “जुळे झाले.”

“सॉरी बाबा. ध्यानातच राहिलं नाही. आणि लकडीपण संपली. मी ऑर्डर करते, येईल आरामात. घाई काय आहे?”

“अच्छा.”

तेवढ्यात वरून एक खरंखुरं विमान खाली उतरत गेलं आणि खिडकीची तावदानं थरथरली. या घरात असं झालं की बोलणारा थांबतो आणि आवाज गेला की होता तिथून पुढे सुरू करतो. पण या वेळी आवाज विरायची वाट न बघताच बाबा उठले. आपल्या खोलीत गेले. आत स्टूल सरकल्याचं ऐकू आलं. रागावले वाटतं, मैत्रीच्या मनात आलं.

ते परत आले ते चादरीत गुंडाळलेलं काहीतरी दोन्ही हातांवर घेऊन. टेबलावर ठेवून त्यांनी चादर उलगडली.

आत उजवा पंख होता.

फासळ्या थोड्या वरखाली कापलेल्या, एके ठिकाणी गोंदाचा ओघळ वाळलेला. पण उजवा होता. मैत्री त्यांच्या अंगठ्यावरच्या पट्टीकडे बघत राहिली.

“तुम्हाला कधी कळलं?”

“तू पहिली टाचणी मारलीस तेव्हाच. अगं, जन्मभर सरकारी ऑफिसात नकाशेच काढले मी. कागद सुलटा आहे का पालथा, एवढं तर अजून दिसतं. दुसऱ्या दिवशीच लाकूड मागवलं.”

“मग मला टोकलं का नाही?”

“इतकं मन लावून चुकत होतीस, बेटा. मोडवेना.”

शेरास सव्वाशेर भेटला होता. मैत्रीला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग रडूही आलं. “मी गेल्यावर तुमचं कसं होणार, बाबा?”

“दुधी चिरता येतो मला,” ते म्हणाले. “सुरी नाही लागत.”

त्यांनी उजवा पंख सांगाड्याला लावून पाहिला. जरा दाबावा लागला, पण बसला. एका बाजूला तिचा, एका बाजूला त्यांचा, असं ते विमान पहिल्यांदाच विमानासारखं दिसलं. भिंतीवरच्या फोटोतून प्रफुल्ल बघत होता. दोघांनीही एकदा तिकडे पाहिलं.

“सुजयला फोन कर. तारीख काढ म्हणावं,” बाबा म्हणाले. “आणि हे घेऊन जा. इथे शेजारी एअरपोर्ट, इथे काही उडवता यायचं नाही. त्याने तिकडे मैदान बघून ठेवलंय ना? बस, तिकडेच उडवा.”

मैत्रीने डोळे पुसले. फोन शोधायचा म्हणून ती टेबल आवरू लागली आणि उरलेला डावा पंख खोक्यात ठेवायला उचलला. बाबांनी तो तिच्या हातून काढून घेतला.

“हा इथेच राहू दे,” पंख चादरीत गुंडाळत ते म्हणाले. “नवं विमान एकदा तरी पडतंच. पडलं, मोडलं, की सरळ इकडे घेऊन यायचं.”