मधली धार

माइन नदीच्या अलीकडे आम्ही लूथरचे, पलीकडे पोपचे. प्लेग मात्र दोन्हीकडे. आमचे पाद्रीबाबा समजावून सांगत, तिकडे ती देवाची शिक्षा आहे आणि इकडे परीक्षा.

एका सकाळी फाइट नावाच्या कोळ्याच्या जाळ्यात प्रेत आलं. काखेत प्लेगची गाठ होती.

"कुठल्या काठचं?" पाद्रीबाबांनी विचारलं. शिक्षा झालेल्याला आमच्या दफनभूमीत जागा नव्हती.

"माझा ओस्वाल्ट आहे," म्हातारी गेरट्राउट म्हणाली.

"तो तर तिकडची बायको करून तिकडचाच झाला होता ना, बाई?"

"परत येत होता, बाबा. पूल सैन्यानं जाळला, म्हणून पोहत."

पाद्रीबाबांनी नदीकडे पाहिलं. माणूस काही निर्दय नव्हता.

"मधली धार ओलांडली होती का त्यानं?"