बाबांवर गेलाय

गुरम या इवल्याशा पॉमेरेनियनच्या पाठीवरचे केस गेले, कातडी काळी पडली आणि सोलमधलं एक अख्खं घर हादरलं. ग्योंगथे, त्याची बायको संहुई आणि सासूबाई, तिघांनी गुरमला बाबागाडीतून दवाखान्यात नेलं.

"या, गुरमचे बाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तपासून झाल्यावर त्यांनी विचारलं, "खाज नाही, बुरशी नाही. आनुवंशिक दिसतंय. याच्या बाबांचेही केस असेच गेलेत का हो?"

ग्योंगथेने बायकोकडे पाहिलं, मग गुरमकडे. लेकरापुढे लाज कसली! त्याने डोक्यावरचा विग काढून टेबलावर ठेवला.

"अगं आई गं!" संहुई किंचाळली.

 

सासूबाईंनी गुरमला उराशी धरलं. "निदान माझ्या नातवाने लपवलं तरी नाही, जावईबापू!"