भावकूची पाकळी

"डावी पाड देवा, डावी पाड." ओठ न हलवता भावकू मागत होता.

समोर रवळनाथाची काळी मूर्ती. गुंडू गुरवानं तिच्या दोन्ही खांद्यांवर कण्हेरीची एकेक ओली पाकळी चिकटवली होती आणि मोठ्यानं गाऱ्हाणं घातलं होतं, "भावकूनं निवडणुकीला उभं ऱ्हायाचं आसंल तर उजवी पाड, अर्ज मागं घ्यायाचा आसंल तर डावी." आता पाकळी पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही, कुणी उठायचं नाही. गाभाऱ्यात गुरव आणि कौल मागणारा, दोघंच. बाकी गाव बाहेर मंडपात माना उंच करून बसलेलं. तिथून देव दिसतो, पाकळ्या काही दिसत नाहीत.

साल सदतीसचं. मुंबईच्या असेंब्लीची निवडणूक लागलेली आणि या भागातनं जमीनदार देसाई उभे राहिलेले. देसायाच्या विरुद्ध उभं राहायची छाती कुणाची? भावकूचीही नव्हती! पण गावात मराठी सातवी पास झालेला तो एकटा. कुळांचे तक्रारअर्ज लिहून लिहून त्याचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालेलं. गावानं देवाला विचारलं, कौल उजवा आला, आणि या भल्या माणसाला सगळ्यांनी मिळून हरभऱ्याच्या झाडावर चढवला.

परवा भरदुपारी त्याची गवताची गंजी पेटली. आजूबाजूच्या शेतांत चाळीस माणसं होती, पण कुणीही काही बघितलं नाही म्हणे. तासाभरानं देसायाचा कारभारी खळ्यात येऊन उभा राहिला. आवाज चढवला नाही की शिवी दिली नाही.

"आज गवात जळालं," तो म्हणाला. "सोमवारी तीनच्या आत बेळगावच्या कचेरीत अर्ज मागं घे. घरात पाळणा हाय न्हवं तुझ्या?"

 अर्ज मागं घेत असल्याचा कागद भावकूनं त्याच रात्री लिहून बंडीच्या खिशात ठेवला. आज सोमवार. सकाळी तो गाडी जुंपायला निघाला तेव्हा बायको आडवी आली. नागुबाईचे डोळे रडून सुजलेले होते, तरी म्हणाली, "देवाला इचारून उभं ऱ्हायलासा, देवाला इचारूनच खाली बसा. न्हायतर गाव तोंडात शेण घालील."

म्हणून हा कौल. बाहेर पिंपळाखाली गाडी जुंपून तयार होती. बैलानं मान हलवली की घुंगरं वाजत आणि भावकू दचकून दाराकडे बघे. कारभारी आलाच, असं वाटे. अकरा वाजून गेले असतील. पाकळ्या चिकटून बसलेल्या. आणि उजवी पडली तर? देवानं उभं केलेल्या माणसाला बसता येत नाही. मग पाळण्यातल्या पोरीला घेऊन जायचं कुठं?

गुंडू गुरव डोळे मिटून मूर्तीशेजारी उभा होता. सत्तरीचा म्हातारा. देसायाच्या आजोबांनी देवाला दीड एकर इनाम दिलेलं. त्यातनंच देवाचा रोजचा नैवेद्य आणि त्यातच गुरवाचं पोट. पन्नास वर्षांत गुंडूनं एकही कौल फिरवून सांगितला नव्हता. सख्खा लेक तापानं फणफणलेला असताना देवानं डावा, म्हणजे नकाराचा कौल दिला, तेव्हाही हा बाप याच उंबऱ्यावर उभा राहून "डावा" म्हणून ओरडला होता.

पाकळी सुटली. डावी! भावकूच्या डोळ्यांदेखत ती घरंगळत खाली आली. सुटलो रे देवा! त्याला रडू कोसळलं. पोरगी वाचली, घर वाचलं. लाजबीज काय ती मागनं बघू. त्याचा हात खिशातल्या कागदाकडे गेला.

गुंडू वाकला. त्यानं पाकळी उचलून मुठीत धरली आणि मंडपाकडे तोंड केलं.

"उजवा!"

"रवळनाथाच्या नावानं चांगभलं!" सारा मंडप दणाणला. कुणीतरी ढोलावर टिपरू हाणलं.

भावकू गुरवाच्या कानाशी वाकला. "आप्पा, डावी पडली," तो कसाबसा कुजबुजला. "मी बघितली."

"मी बी बघितली."

"देसायाला कळलं तर तुमचं इनाम जाईल."

"जाईल की."

म्हातारा एवढंच बोलला. पण त्याची मूठ थाडथाड उडत होती. दुसऱ्या हातानं त्यानं ती दाबून धरली, तरी थांबेना. भावकू त्या मुठीकडे बघत राहिला. आपल्यापेक्षा जास्त भ्यालेला माणूस त्यानं आज पहिल्यांदा बघितला.

मग त्यानं खिशातला कागद काढला आणि समईच्या ज्योतीवर धरला. कागद घामानं ओला होता, पेटायला वेळ लागला. शेवटचा तुकडा बोटाला चटका देऊन विझला, तेव्हा भावकूनं हळूच विचारलं, "पर आप्पा, देवानं डावी का पाडली?"

गुंडूनं बाहेर जमलेल्या गावाकडे एकदा बघितलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"देव बी देसायाच्याच इनामाचं खातोय, लेकरा. भ्याला आसंल."