प्लग ओढायचं काम

सासऱ्यांनी भिंतीतला प्लग ओढला आणि टेबलाखालचं मशीन जागच्या जागी गप्प झालं.

"आत्ताच का ओढलात, बाबा?" सुनेने मान न वळवता विचारलं.

"चहा संपला म्हणून."

त्यांचं काम तेवढंच होतं. लहर आली की प्लग ओढायचा. डिस्कवर फाइली कशा मांडायच्या आणि मध्येच वीज गेली तरी त्या कशा सांभाळायच्या, हे बघणारी लिनक्स या कॉम्प्युटर-प्रणालीची एक नवी फाइलसिस्टम सुनेने वर्षानुवर्षं खपून लिहिली होती. ती कितपत पक्की आहे हे कळायला ऐन कामात मशीनची वीज तोडण्यासारखा उपाय नव्हता. सून स्वतः प्लग ओढायची तेव्हा नकळत सोयीची वेळ बघायची. सासऱ्यांच्या लहरीचा मात्र ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. जन्मभर शिंपीकाम केलेला हा माणूस आता ही नोकरी इमानेइतबारे करत होता.

मशीन पुन्हा सुरू झालं. तपासणी झाली, एकही फाइल गहाळ नव्हती. सुनेने सुटकेचा निःश्वास टाकला. एका मोठ्या हॉस्पिटलला पेशंटांचे सगळे रिपोर्ट या फाइलसिस्टमवर हलवायचे होते, आणि ती त्या कामाला तयार आहे का, याचं उत्तर त्यांना आजच हवं होतं. 'तयार आहे' असं लिहून झालं होतं, फक्त पाठवायचं बाकी होतं. एकदाचं कष्टांचं चीज होणार होतं.

"माझं पुस्तक शाबूत आहे ना?" सासऱ्यांनी सहज विचारलं.

"पुस्तक? या मशीनवर?"

कपडे बेतण्यावर ते एका बोटाने टाइप करत पुस्तक लिहितायत, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुठे लिहितायत हे विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. इथे महत्त्वाचं काही ठेवू नये, अशी चिठ्ठी सुनेनेच मशीनवर डकवली होती. ती चिठ्ठी बाहेरच्या लोकांसाठी असेल असं सासऱ्यांना वाटलं होतं. दुसरी प्रत आहे का विचारलं तर म्हणाले, ती कशाला हवी?

सून ताडकन उठली. "अहो, आणि तरी रोज प्लग ओढता तुम्ही?"

"तू लिहिलंयस ना ते."

तिने कपाटातून जुनी डिस्क काढली, घरचे फोटो ठेवलेली, जुन्याच, खात्रीच्या फाइलसिस्टमची. ती मशीनला जोडून पुस्तकाची प्रत काढायला लावली आणि शेवटचं पान उतरेपर्यंत भिंतीतला प्लग तळहाताने घट्ट दाबून उभी राहिली.

सासरे तिच्या हाताकडे बघत होते. मग आजाऱ्याची चौकशी करावी तसं हळूच म्हणाले, "म्हणजे अजून नाही ना?"

तयार आहे, सगळ्या चाचण्या झाल्यात, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. ते तिथेच राहिलं. ती टेबलाशी गेली, 'तयार आहे' खोडलं आणि 'अजून नाही, थोडं थांबावं लागेल' असं लिहून पाठवून दिलं. हॉस्पिटल हातचं गेल्याचं वाईट वाटलंच. पण आपल्यावर इतका विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता, या विचाराने डोळे भरून आले ते वेगळंच.

जरा वेळाने डोळे पुसून ती म्हणाली, चाचण्या पुन्हा सुरू करू, पण आधी या मशीनवरचं पुस्तक काढून टाकते.

"राहू दे गं तिथेच," सासरे खुर्ची भिंतीजवळ ओढत म्हणाले. "रिकाम्या मशीनचा प्लग काय, कुणीही ओढेल."