दुधी वर्तुळ

दत्तरावांनी पट्टी बांधलेला पाय जपून प्रयोगशाळेतल्या स्टुलाखाली घेतला आणि लेकीला म्हणाले, "दाखव. माझा पाय खायलेत ते कोण हायत, बघू तरी."

"हे तुमच्या पायातले न्हाईत, बाबा. त्यांचे भाऊबंद म्हणा." परभणीच्या कॉलेजात जिवाणूंवर संशोधन करणाऱ्या बबितानं झाकलेली काचेची ताटली पुढं धरली. आत गर्द जांभळा रंग पसरला होता.

"हा रंग त्यांचाच. पण थोडे असले की करीत न्हाईत. प्रत्येकजण एक रसायन सोडतो. ते दाट झालं की त्यांना कळतं, आपण लय झालोत. मग सगळे मिळून कामाला लागतेत."

"म्हणजे आधी हजेरी घेतेत," उभा जन्म शाळेत मास्तरकी केलेले दत्तराव म्हणाले. "अन् माझ्या पायात?"

"तिथं मिळून चिकट थर धरतेत. औषध आत शिरत न्हाई."

म्हणून तर उद्या पायाची करंगळी काढायची, असं डॉक्टर सकाळीच म्हणाले होते.

जांभळ्यात एक कागदी टिकली होती. तिच्याभोवती दुधी वर्तुळ.

"इथले मेले?"

"तुमीच बघा."

तिनं वर्तुळातला कण थेंबभर पाण्यात कालवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. दत्तरावांनी चष्मा काढून डोळा लावला. बारीक काड्या नुसत्या वळवळत होत्या.

"जित्ते हायत की!"

"जित्तेच. टिकलीत पातळ केलेला लसणाचा रस हाय. त्यानं एकाची हाक दुसऱ्याला ऐकू येईना. जो तो समजतो, आपण एकटेच."

दत्तराव वाकून बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "घरी लसूण हाय. वाटून लावू का?"

"कातडी जळंल, बाबा." बबितानं ताटलीवर झाकण ठेवलं. "हे अजून ताटलीतच जमायलंय. पायापर्यंत यायला वर्षं जातील. उद्याला तरी न्हाई."

त्यांनी पट्टीकडं पाहिलं.

"बबे, काढलेलं बोट दवाखान्यातले फेकूनच देतील ना?"

"हो."

"मग तू मागून घे." तिच्या खांद्यावर भार देत ते उठले. "इथं आण. काय बोलायलेत ते ऐक."