वाजलेला खटका

“काहीही फाडायच्या आधी त्याची प्रत काढून ठेवावी,” बाबा फोनवर म्हणाले होते. एकतीस वर्षं कचेरीच्या रेकॉर्ड रूममध्ये काढलेला माणूस दुसरं काय सांगणार? “बाबा, हा ब्लॉग आहे. इथे फाडायला कागदच नसतो,” असं म्हणून दीपालीनं फोन ठेवला होता आणि बटण दाबलं होतं. पोस्ट कायमची काढून टाकायची? हो.

त्याला आज चौथा दिवस. सकाळी कंपनीच्या वकिलाचं पत्र आलं. माफीनामा पोचला, आमच्याकडून प्रकरण मिटलं. तिच्या नवऱ्यानं, समाधाननं, ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं आणि बऱ्याच दिवसांनी डबा न विसरता तो ऑफिसला गेला. विश्रांतवाडीच्या त्या दोन खोल्यांत जरा हवा खेळू लागली.

पोस्ट होती घडीच्या पाळण्याबद्दल. कंपनी नावाजलेली. पाळणा उघडून कठडा वर ओढला की बाजूचा खटका बसतो, बसला की ‘खट्’ वाजतं. एका दुपारी ते वाजलं नाही. दीपालीच्या लक्षात आलं नाही. कठडा खाली आला आणि आठ महिन्यांची यशू जमिनीवर आली. खाली गोधडी होती म्हणून कपाळावरच्या टेंगळावर भागलं. बाळंतपणाआधी दीपाली सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होती. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा तिला पगार मिळायचा. यशूला शांत केल्यावर तिनं तो कठडा पन्नास वेळा वर-खाली केला. सहा वेळा खटका वाजला नाही. कंपनीच्या नावासकट तिनं ते ब्लॉगवर लिहिलं, फोटो टाकले.

पंधरा दिवसांत नोटीस आली. पन्नास लाखांची अब्रूनुकसानी, शिवाय फौजदारी कलम. दोघांनी गाठलेल्या वकिलानं चष्मा कपाळावर सरकवून नोटीस बाजूला ठेवली. “तुमचं म्हणणं खरं असेल. निकाल लागेपर्यंत मुलगी चौथीत जाईल, एवढंच.” परत येताना सिग्नलला समाधान मागे न बघता म्हणाला, “तारखांना तू जाणार आहेस का? यशूला कडेवर घेऊन?” तिनं माफीनाम्यावर आणि हमीपत्रावर सही केली. सदर उत्पादनाविषयी नावाने, वर्णनाने वा सूचकतेने, कोठेही आणि कधीही लिहिणार नाही.

दुपारी बाबा आले ते पाळणा न्यायला. जाता जाता भंगारवाल्याकडे टाकणार होते.

“एवढं सगळं कशावरून झालं, ते बघू तरी,” म्हणत त्यांनी दाराआडचा पाळणा काढून उघडला. कठडा वर ओढला. खट्.

“वाजला की गं.”

“दहातून नऊदा वाजतोच, बाबा.”

रेकॉर्ड रूमच्या जुन्या मांडण्यांवर गठ्ठा ठेवायच्या आधी बाबा कोपरानं फळी दाबून बघत. ती सवय अंगात मुरलेली. त्यांनी कठड्यावर कोपर टेकवलं. कठडा धाडकन खाली आला.

त्यांनी पुन्हा वर ओढला. खट्. कोपर टेकवलं. टिकला. पुन्हा ओढला. खट्. कोपर टेकवलं. खाली.

दीपाली खुर्चीचा हात धरून उभी राहिली. पन्नासही वेळा तिनं फक्त कान दिला होता. वाजल्यावर कठडा एकदाही दाबून बघितला नव्हता.

“काय झालं, दीपा?”

“एका बाईनं विचारलं होतं.”

पोस्टखाली प्रतिक्रियांत विचारलं होतं. नोटीस यायच्या आदल्या दिवशी. मेलचा पत्ता नाही, आडनाव नाही. खाली नुसतं ‘अक्षता’. यशूला भरवता भरवता दीपालीनं एका हातानं तिला दोन ओळींचं उत्तर टाइप केलं होतं. अक्षतानं सोसायटीचं नावही लिहिलं होतं. दीपालीनं डोळे मिटून ते आठवायचा प्रयत्न केला. हडपसर आठवलं, गिरणी आठवली. नाव आठवेना.

“पोस्टबरोबर खालचंही गेलं?” बाबांनी विचारलं.

तिनं मान हलवली. बाबा प्रतीविषयी एक अक्षर बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

तिनं कॉम्प्युटर सुरू केला. ड्रॉवरमधून हमीपत्र काढलं, वाचलं, परत ठेवलं.

“जावईबापूंना एकदा विचार,” बाबा म्हणाले.

“विचारलं तर तो नको म्हणेल. आणि मला ते पटेल.”

बाबांनी यशूला उचललं आणि तिला घेऊन ते लेकीच्या खुर्चीमागे उभे राहिले. दीपालीनं आधी कंपनीचं नाव लिहिलं, मग पाळण्याचं, मग खटका वाजला तरी कठडा पडतो हे. मग ती न थांबता लिहीत गेली.

‘हडपसरला एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर अक्षता नावाची बाई राहते. तिला लहान बाळ आहे. सोसायटीचं नाव तिनं लिहिलं होतं, ते मी माझ्या हातानं काढून टाकलं. तिच्याकडे हाच पाळणा आहे. तिनं विचारलं होतं, आमचा खटका दर वेळी वाजतो, पण भीतीनं मी बाळाला चार दिवस खालीच निजवतेय, आता पाळण्यात ठेवू का? मी तिला लिहिलं होतं, वाजतो ना, मग निर्धास्त ठेवा. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला राहत असेल तर हे पुढे पाठवत बसू नका. आत्ता उठा, जा, आणि ते बाळ कुठे निजलंय ते बघून या.’