हिरव्या पट्टीतला काटा

डेल्बर्टचं दोन सीटचं विमान त्याच्याएवढंच म्हातारं होतं. आयोवातल्या त्या गवती धावपट्टीवर तो भेटेल त्याला ऐकवायचा, "माझ्या इंजिनाच्या तेलाचा दाब बघा. वर्षानुवर्षं काटा हिरव्या पट्टीतून हललेला नाही!"

बायकोने, लव्हॉनने, मात्र हट्टच धरला. "त्या काट्याच्या जुनाट नळ्या बदलल्याशिवाय मी तुझ्या विमानात पाय ठेवणार नाही." शेवटी मेकॅनिक वेंडेलने तेलाचा दाब काट्यापर्यंत पोचवणाऱ्या नळ्या काढल्या. आत काळा गाळ घट्ट बसला होता. नव्या नळ्या लावून इंजिन तापेपर्यंत चालवलं, तर काटा थेट खाली, दाब कमी असल्याच्या लाल पट्टीत!

"बाबा रे, इंजिन झिजलंय," वेंडेल म्हणाला. "खोलावं लागेल."

"माझं इंजिन झिजलंय? तुझ्या या नव्या नळ्यांतच दम नाही!"

वेंडेलची पाठ वळताच डेल्बर्टने जुन्याच नळ्या परत चढवल्या आणि इंजिन गार, तेल घट्ट असतानाच चालवून पाहिलं. काटा रखडत रखडत हिरव्या पट्टीत जाऊन बसला, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

रविवारी दोघं शेजारच्या गावी पॅनकेक खायला निघाले. लव्हॉन पट्टा बांधत होती. डेल्बर्टने ऐटीत काट्याकडे बोट दाखवलं. "बघा बाईसाहेब, नव्या नळ्यांचा प्रताप! आता तरी खूश?"

लव्हॉनने काट्याकडे पाहिलं, मग समोरच्या पंख्याकडे पाहिलं आणि बांधलेला पट्टा सोडला.

"डेल्बर्ट, तू अजून इंजिन सुरूच केलेलं नाहीस."